सही कोणाची, निर्णय कोणाचा?

रणगाडे, क्षेपणास्त्रे आणि संगणक हा काय बायकांच्या त्रैमासिकाचा विषय आहे का, असे काही मैत्रिणी विचारतील. नगरकडच्या मैत्रिणी विचारणार नाहीत. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण तोंडात अजून ‘नगर’च बसले आहे.) रणगाड्यांवरच्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना शिकवणारे देशाचे मोठे केंद्र १९४८ पासून आमच्या शहरात आहे. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र इथेच आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा इथेच आहे. आणि शहराबाहेर खारे-कर्जुन्याची के. के. रेंज आहे, जिथे रणगाड्यांच्या गोळाफेकीचा सराव चालतो. सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुन रणगाड्यावरून लेसरच्या साहाय्याने लक्ष्य गाठणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी झाली, ती याच रेंजवर.

त्याच साली या रेंजच्या हद्दीवरून राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या तेवीस गावांची झोप उडाली होती. जमिनी जाणार अशी बातमी पसरली, निवेदने झाली, आंदोलने झाली, प्रश्न दिल्लीला संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. रेंजवर पडलेले न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलताना स्फोट होऊन माणसे मेल्याच्या बातम्याही आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. जीव धोक्यात घालून भंगार वेचायला कोणाच्या घरची माणसे जातात, हे वेगळे सांगायला नको. तेव्हा लष्करात निर्णय कसे होतात हा आमच्या दारातला प्रश्न आहे. आणि ज्यांचा मुलगा किंवा नवरा फौजेत आहे त्या तर हा प्रश्न उशाशी घेऊनच झोपतात.

आता या निर्णयांत एक नवा भिडू आला आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. सिनेमात दाखवतात तसा बंदूक घेऊन चालणारा लोखंडी माणूस डोळ्यांपुढे आणू नका. खरी गोष्ट पुष्कळ साधी आहे, आणि म्हणूनच जास्त काळजीची आहे. लढाईच्या वेळी सेनाधिकाऱ्यापुढे रडार, ड्रोन, उपग्रह, पकडलेली संभाषणे, गस्तीवरच्या तुकड्यांचे निरोप असा माहितीचा डोंगर येऊन पडतो. एवढा डोंगर एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. मग यंत्र तो चाळते, जुन्या हजारो नोंदींवरून शिकलेले ठोकताळे लावते आणि सांगते : हा ठिपका शत्रूचा, हा आपला, मारा आधी इथे करा, नंतर तिथे. अधिकारी ते पाहतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. माणसाने आणि यंत्राने जोडीने सेनापतिपद सांभाळायचे, अशी ही कल्पना आहे.

आपल्याकडे याची सुरुवात होऊन बरीच वर्षे झाली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला. त्याच्या शिफारशींवरून २०१९ मध्ये संरक्षण खात्यात या कामासाठी परिषद आणि स्वतंत्र संस्था उभी राहिली, दरवर्षी शंभर कोटी रुपये ठेवायचे ठरले. जुलै २०२२ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी लष्करासाठी बनवलेली अशी पंचाहत्तर उत्पादने एकाच कार्यक्रमात जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यंत्रांची पारख करण्यासाठी एक चौकटही आली. विश्वासार्हता, सुरक्षितता, पारदर्शकता, न्याय्यता, खाजगीपणा अशा तिच्या पाच कसोट्या आहेत. शब्द चांगले आहेत. पण या पाचही कसोट्या यंत्राच्या आहेत, यंत्राशेजारी बसणाऱ्या माणसाच्या नाहीत.

त्या माणसाबद्दल जगभरातली सरकारे एकच वाक्य सांगतात : शेवटचा निर्णय माणसाचाच राहील.

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण आधी ऐकले आहे. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि गावोगाव एक तृतीयांश जागांवर बायका निवडून येऊ लागल्या. (महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा.) कारभार सरपंचबाईच करणार, असे तेव्हाही सगळे सांगत होते. प्रत्यक्षात काय व्हायचे? ग्रामसेवक रजिस्टर पुढे सरकवायचा, नवरा नाहीतर दीर शेजारी उभा राहून पान उघडून द्यायचा, आणि बाई बोट ठेवलेल्या जागी सही करायची. कागदोपत्री निर्णय तिचा. ठराव वाचायला वेळ नाही, हिशेब समजावून सांगायला कोणी नाही, ‘नाही’ म्हटले तर अविश्वासाचा ठराव तयार. घोटाळा बाहेर आला की चौकशी मात्र तिच्याच नावाने. ज्या सरपंचबाई पुढे खरोखर कारभार करू लागल्या, त्या काही एका रात्रीत शूर झाल्या नाहीत. त्यांना कागद आधी मिळू लागले, ते वाचता येऊ लागले, विचारायला चारजणी भेटल्या, आणि ‘नाही’ म्हटल्यावर पाठीशी उभी राहणारी माणसे मिळाली.

यंत्राशेजारी बसलेल्या सेनाधिकाऱ्याकडे मला याच नजरेने पाहावेसे वाटते. तिथे माणूस बसवला आहे का, एवढे विचारून भागत नाही. त्याला वेळ किती आहे, यंत्राला काय कळत नाही हे त्याला ठाऊक आहे का, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्याचे काय होते, हे विचारले पाहिजे. नाहीतर तो सही करणारी सरपंचबाई आहे, फरक इतकाच की इथे ठरावाऐवजी माणसे मरतात.

यंत्रापुढे माणूस किती चटकन हात वर करतो हे पाहायला रणांगणावर जायची गरज नाही, रेशनच्या दुकानात जावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या ऊसतोडणीच्या बायकांची बोटे कोयता धरून धरून झिजलेली असतात. मशीनवर अंगठा उमटत नाही. दुकानदार बाईला ओळखतो, तिच्या सासूलाही ओळखतो, तिच्या घरात खाणारी तोंडे किती तेही त्याला पाठ असते. तरी तो म्हणतो, “मावशी, मशीनच घेत नाही, मी काय करू?” त्या एका वाक्यात त्याची सगळी जबाबदारी विरघळून जाते. आणि मावशीने भांडायचे तरी कोणाशी? माणसाशी भांडता येते. मशीनशी भांडणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात.

हे सगळे यंत्रामुळेच घडते असा माझा दावा नाही. चुकीच्या खबरीवर निर्णय घेणे हा माणसाचा जुना रोग आहे, आणि त्याचे ठळक उदाहरण आमच्याच गावचे आहे. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने नगरच्या किल्ल्याला पडलेला मोगलांचा वेढा झुंजून काढला. किल्ला राखला, बदल्यात वऱ्हाड सोडावे लागले. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला तेव्हा तिने वाटाघाटींचा विचार केला. ती शत्रूला फितूर झाली अशी आवई किल्ल्यात उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. थोड्याच काळात किल्ला पडला. खोटी खबर, तापलेली डोकी, आणि ‘थांबा, आधी खात्री करू’ म्हणायला कोणी नाही. यंत्र आल्याने यातली खोटी खबर कदाचित कमी होईल. ‘थांबा’ म्हणणाऱ्याची जागा मात्र यंत्र आल्याने आपोआप तयार होत नाही.

ती जागा कशी असते हे एका रशियन अधिकाऱ्याने दाखवले. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या इशारा केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव कामावर होते. उपग्रहांच्या यंत्रणेने सांगितले, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडले. मग आणखी, अशी एकूण पाच. पेत्रोव यांनी विचार केला, युद्ध सुरू करायचे तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडेल? यंत्रणा नवी आहे, तिचा कच्चेपणा त्यांना माहीत होता. त्यांनी वरिष्ठांना कळवले की हा इशारा खोटा आहे. तो खोटाच निघाला, ढगांवरून परतलेल्या उन्हाने उपग्रहाला फसवले होते. पेत्रोव यांना बक्षीस मिळाले नाही. त्या गडबडीत नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी मात्र खावी लागली. जगाला वाचवणाऱ्यालाही आधी रजिस्टरचे विचारतात!

आता उलटे उदाहरण पाहा. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे मेली, त्यांत ६६ मुले होती. नौकेवर त्या काळातली सगळ्यात पुढारलेली संगणक यंत्रणा होती आणि तिने विमान वर चढते आहे हे बरोबर टिपले होते. पण नौकेवरचे लोक आधीच चकमकीत होते, हल्ला येणार अशी त्यांच्या मनाची तयारी झाली होती. समोर बरोबर आकडा असताना त्यांनी ‘विमान खाली झेपावते आहे’ असे कप्तानाला सांगितले. यंत्र बरोबर होते, माणसे चुकली. म्हणून ‘माणूस ठेवला की झाले’ हे मला पटत नाही, तसेच ‘माणूस काढला की झाले’ हेही पटत नाही. जोडी कशी बांधली आहे यावर सगळे अवलंबून आहे.

आणि हे सगळे परक्यांचे आहे असेही नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या हल्ल्यानंतरच्या सकाळी, काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाईदलाचे एक हेलिकॉप्टर कोसळले. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्या दिवसांत सगळीकडे युद्धाच्या आरोळ्या चालू होत्या, आणि त्यांच्या पत्नीने, इतक्या दुःखात, समाजमाध्यमांवर लढाई खेळणाऱ्यांना सुनावले होते. आपल्यापैकी अनेकींना ते आठवत असेल. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले हे पुढे चौकशीत निघाले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. ते तसे मान्य केले हे चांगलेच झाले. या घटनेत कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. रडारवरचा एक ठिपका होता, तो शत्रूचा की आपला हे ठरवायचे होते, आणि ठरवायला फार थोडा वेळ होता. हेच ठरवण्याचे काम आता यंत्राकडे सोपवले जात आहे. यंत्र चांगले असेल तर असा अपघात कदाचित टळेलही. पण टळला नाही तर? २०१९ मध्ये निदान कोणत्या माणसांनी काय ठरवले ते विचारता आले. उद्या ‘यंत्रानेच शत्रू म्हणून दाखवले’ असे उत्तर मिळाले, तर नाशिकच्या त्या घराने पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा? मशीनच घेत नाही, मावशी.

गाझातल्या युद्धाने हा प्रश्न फार पुढे नेऊन ठेवला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘+९७२’ या इस्रायली-पॅलेस्टिनी नियतकालिकाने, सहा इस्रायली गुप्तवार्ता अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून, एक वृत्तांत छापला. ‘लॅव्हेंडर’ नावाच्या यंत्रणेने हजारो पुरुषांवर संशयित म्हणून खूण केली. शंभरातल्या सुमारे दहा खुणा चुकतात हे माहीत असूनही यादी वापरली गेली. एका नावाला मंजुरी द्यायला अधिकारी वीसेक सेकंद घेत. त्या वीस सेकंदांत तो काय तपासायचा? खूण झालेली व्यक्ती पुरुष आहे ना, एवढेच. कारण बाई निघाली तर यंत्र चुकले हे उघड व्हायचे. मग ‘बाबा कुठे आहेत?’ अशा अर्थाचे नाव दिलेली दुसरी यंत्रणा तो माणूस रात्री घरी केव्हा पोहोचतो त्यावर नजर ठेवायची, आणि बाँब पडायचा तो घरावर. इस्रायली लष्कराने हे नाकारले आहे. दहशतवादी ठरवायला आपण असे यंत्र वापरत नाही, ती फक्त माहितीची जुळवाजुळव आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

पण वृत्तांतातली ती एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तपासणीत बाईची आठवण होते ती यंत्राची चूक पकडण्याची खूण म्हणून. आणि बाँब पडतो तेव्हा त्या घरात तीच बाई असते, मुलांना जेवायला घालून निजवत असते, तिथे तिची मोजदाद ‘किती चालतील’ या आकड्यात होते. स्त्रिया आणि युद्ध यावर आपण इतकी वर्षे लिहितो, पण इतक्या थोडक्यात सगळे सांगणारी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. त्या खोलीतसुद्धा निर्णय माणसाचाच होता. सही होती.

इथे सेनापतिपद आणि बायका या आपल्या जुन्या भांडणाकडे वळावे लागते, कारण त्यातच यंत्राच्या शिकण्याचे मर्म आहे. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया खटल्यात निकाल दिला : लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती द्या, आणि तुकडीचे नेतृत्व त्यांना सरसकट नाकारू नका. त्या खटल्यात सरकारची बाजू काय होती ते पुन्हा वाचण्यासारखे आहे. जवान पुरुष आहेत, बहुतेक खेड्यांतून आलेले आहेत, स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानण्याइतकी त्यांच्या मनाची तयारी अजून झालेली नाही. म्हणजे दोष आमच्या पारनेर-शेवगावच्या पोरांचा! शाळेत बाईंच्या हाताखाली शिकलेली, घरी आईच्या शब्दाबाहेर नसलेली ही पोरे म्हणे बाईचा हुकूम ऐकणार नाहीत. गंमत अशी, की याच खेड्यातल्या जवानाने उद्या एका यंत्राच्या सल्ल्यावर जीव धोक्यात घालायचा आहे, आणि त्यासाठी त्याच्या मनाची तयारी झाली आहे का, असे कोणीही कोर्टात विचारलेले मला आठवत नाही. बाईचा हुकूम नवा म्हणून अडतो, यंत्राचा हुकूम नवा म्हणून कौतुकाचा होतो.

पुढच्या वर्षी, २५ मार्च २०२१ ला, नितिशा खटल्याचा निकाल आला. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कायम नियुक्तीसाठी स्त्री अधिकाऱ्यांची जी पारख झाली ती वरवर सगळ्यांना सारखी होती, पण आधार होता जुन्या गोपनीय अहवालांचा. ते अहवाल लिहिले गेले तेव्हा या बायकांना पुढे जागाच नव्हती, त्यामुळे वरिष्ठांनी ते उरकून टाकल्यासारखे लिहिले होते. वयाच्या तिशीत द्यायची शारीरिक पात्रता चाळिशी-पन्नाशीत मागितली होती. न्यायालयाने म्हटले, हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. कोणीही मुद्दाम न करतासुद्धा व्यवस्थेतून होणारा.

आता विचार करा. कृत्रिम बुद्धिमत्ता शिकते कशावरून? जुन्या नोंदींवरून. हेच अहवाल तिला दिले आणि विचारले, तुकडीचे नेतृत्व कोणाला द्यावे, तर ती काय सांगेल? बाईला देऊ नका. कारण तिने पाहिलेल्या कागदांत बाई कधी नेतृत्व करताना दिसलीच नाही. सरकारी वकिलाशी निदान वाद घालता येतो, त्याने मांडलेले कारण वाचून त्याला हसता येते. यंत्र कारण देत नाही, क्रमांक देते. हीच गोष्ट शत्रूच्या ओळखीला लागू आहे. दाढी, कपडे, फोन किती वेळा बदलला, कोणाच्या लग्नाला कोण गेले यावरून शिकलेले यंत्र पूर्वग्रहालाच अनुभव समजते.

निकालांनंतर लष्करात थोडा फरक पडला. २०२३ मध्ये शंभराहून अधिक स्त्री अधिकारी कर्नलपदासाठी निवडल्या गेल्या, त्याच वर्षी तोफखाना स्त्रियांना खुला झाला. आमच्या नगरात ज्याचे शिक्षण चालते ते रणगाड्यांचे दल मात्र तेव्हा उघडले नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी देशाला माहिती दिली, आपल्याला अभिमान वाटला. कुरेशी यांनी २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या अनेक देशांच्या संयुक्त सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व केले होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. बाईचा चेहरा लवकर पोहोचतो, तिचा हुकूम उशिरा.

या साऱ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला झटकता येत नाही. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचा मुलगा फौजेत आहे. ती म्हणाली, “तुमचं सगळं खरं असेल ताई, पण मशीन पुढं गेल्यानं माझा पोरगा मागं राहत असेल, तर मला मशीन पाहिजे.” तिला मी काय सांगू? सुरुंग शोधायला यंत्र जावे, माणूस जाऊ नये, यात वाद नाही. अंगावर येणारे क्षेपणास्त्र अडवायला सेकंदच मिळतात, तिथे माणसाला विचारत बसायला वेळ नसतो. मे २०२५ मध्ये आकाशतीर या स्वयंचलित हवाई संरक्षण यंत्रणेचे जे कौतुक झाले ते अशाच कामाचे होते. रणगाड्यातसुद्धा अर्जुनमध्ये चौघे बसतात आणि टी-९० मध्ये तिघे, कारण गोळा भरणाऱ्या चौथ्याचे काम तिथे यंत्र करते. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. गोळा भरणे हे हातांचे काम आहे. गोळा कोणावर टाकायचा, हे हातांचे काम नव्हे.

शिवाय त्या मैत्रिणीला मी हेही सांगितले, की यंत्रामुळे मुलगा मागे राहतोच असे नाही. लक्ष्ये झरझर सापडू लागली की मारे वाढतात, मारे वाढले की समोरूनही वाढतात. विचार करण्याचा वेळ दोन्हीकडून कमी होत जातो. आणि एकीकडे यंत्राला लाखो नोंदींचा अनुभव देत असताना आपण माणसाचा अनुभव तोडतो आहोत. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत मुलांची भरती चार वर्षांची ठरली, त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवायचे ठरले. हुकूम अग्निवीर देत नाही हे मला माहीत आहे. पण यंत्राचे काहीतरी बिनसले आहे, हे आधी लक्षात येते ते रोज त्याच्याशेजारी बसणाऱ्या जुन्या हवालदाराच्या. तो जुना होणार केव्हा?

आपले सरकार या बाबतीत जगात काय बोलते तेही माहीत असू द्या. २२ डिसेंबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या शस्त्रांचा प्रश्न तातडीने हाती घ्यावा, देशोदेशींची मते मागवावीत, अशा ठरावावर मतदान झाले. १५२ देश बाजूने होते. विरोधात चार : रशिया, बेलारूस, माली आणि भारत. हा विषय जिनिव्हात दुसऱ्या एका कराराखाली चर्चेला आहे, तिथेच राहू द्या, असे आपले म्हणणे. जिनिव्हातली ती चर्चा २०१४ पासून चालू होती. ज्या मतदानाचा परिणाम नगरच्या, नाशिकच्या, साताऱ्याच्या घरांवर होणार, त्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत शोधावी लागली.

आमच्या गटाने संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला पाठवण्यासाठी पत्राचा मसुदा केला आहे. त्यात तीन गोष्टी विचारल्या आहेत. लक्ष्य सुचवणारी जी यंत्रे सैन्यात येतील, त्यांत यंत्राने सुचवल्यापासून अधिकाऱ्याने मंजुरी देईपर्यंत किती वेळ गेला याची नोंद राहणार का, आणि त्याला किमान मर्यादा असणार का? यंत्राचा सल्ला नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला, तो पुढे चूक ठरला तरी, नियमाचे संरक्षण मिळणार का? आणि आपलीच माणसे किंवा निरपराध माणसे मेली, तर यंत्राने काय सांगितले होते आणि माणसाने काय ठरवले होते, हे त्यांच्या घरच्यांना दाखवले जाणार का? लष्करी गुपिते मागितलेली नाहीत. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या रेंजजवळच्या गावांतल्या महिला मंडळांनी मसुदा वाचून आपापल्या गावचा प्रश्न त्यात घालावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवावा, समजला का विचारावे, आणि मगच सह्या घ्याव्यात.